पीळ

“हात!” मी ओरडले आणि भावानं झटक्यात हात मागे घेतला. नुसता मागे घेतला नाही, पाठीशी लपवला. अडतीस वर्षांचा, माझ्यापेक्षा वीतभर उंच, मिशीत पांढरे केस दिसायला लागलेला माणूस, आणि उभा असा की जणू आत्ताच काचेची बरणी फोडलीय. दोन-तीन सेकंदांत त्याचं त्यालाच जाणवलं असावं. हात पुढे आणून त्यानं चिंधीला पुसला, मघाशीच पुसून झाला होता तरी पुन्हा पुसला, आणि म्हणाला, “बरं, तूच काढ.” आवाजात राग नव्हता. राग असता तर मीही दोन शब्द बोलले असते आणि विषय तिथंच मिटला असता. तसं झालं नाही, म्हणून तो पाठीशी गेलेला हात आठ दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

आम्ही माझ्या एटीव्हीच्या, म्हणजे दगडाधोंड्यांतून चालवायच्या चार चाकी गाडीच्या, मागच्या डाव्या शॉकअपची स्प्रिंग काढत होतो. चारांतली तिसरी. पुढच्या दोन बिनतक्रार झाल्या होत्या, आणि काम अंगवळणी पडलं की माणूस जरा सैल होतो तसे आम्ही झालो होतो. शॉकअप फरशीवर आडवा. स्प्रिंगच्या दोन बाजूंना, बरोबर समोरासमोर, कॉम्प्रेसरचे, म्हणजे स्प्रिंग दाबून धरायच्या अवजाराचे, आकडे. त्यांचे लांब बोल्ट आळीपाळीनं आवळायचे, या बाजूला दोन फेरे, मग त्या बाजूला दोन. घाई करून एकच बाजू आवळत गेलं की स्प्रिंगला पोक येतं आणि आकडा वेटोळ्यावरून घसरायला बघतो. वेटोळी जवळ येत येत स्प्रिंग इतकी आखडते की तिला अडवून धरणारी टोकाची चकती मोकळी होते. त्या चकतीला एका बाजूनं खाच असते, शॉकअपचा दांडा त्या खाचेतून बाहेर घेतला की चकती हातात येते आणि मागोमाग स्प्रिंग. भावानं चकती चिमटीत धरायला बोटं आत घातली, आणि त्याच क्षणी उजवीकडचा आकडा सरकला.

सरकला, असं मला वाटलं.

नंतर वाकून पाहिलं तर तो जागेवरच होता. वेटोळ्याच्या रंगावर एक ताजा ओरखडा दिसला खरा, पण तो आकडा बसवतानाचाही असू शकेल. आमच्या स्प्रिंगला एक मिलिमीटर दाबायला साधारण दोन किलोचा भार लागतो. म्हणजे साठ मिलिमीटर दाबलेली स्प्रिंग त्या दोन आकड्यांवर मिळून १२० किलोनं रेटत होती. रात्री झोप येईना तेव्हा मी कागदावर हिशेब केला: साडेतीन किलोचा घण मीटरभर उंचीवरून पडावा तेवढी ऊर्जा त्या वेटोळ्यांत गप्प बसली होती. हा आकडा हाती आल्यावर बरं वाटेल, आपण ओरडलो ते योग्यच होतं असं ठरेल, म्हणून मी तो काढला असणार. आकडा आला, बरं काही वाटलं नाही.

काम मुळात निघालं ते आवाजावरून. गेलं वर्षभर गाडी पोट घासायला लागली होती. ज्या दगडांवरून ती पूर्वी सहज जायची, त्यांच्यावर आता खालचा संरक्षक पत्रा खर्रकन वाजायचा आणि तो आवाज पायांतून थेट दाढांपर्यंत चढायचा. आधी टायरमधली हवा तपासली, कारण या गाड्यांत टायर हीच पहिली स्प्रिंग. चार-पाच पीएसआयवर चालणारं ते ढोल टायर एकदीड पीएसआयनं उतरलं तरी गाडीची उंची बदलते. १९७० साली होंडानं पहिली तीन चाकी आणली तिला तर सस्पेन्शन नव्हतंच, सगळे हादरे त्या फुग्यासारख्या टायरांनीच सोसायचे, आणि उरलेले बसणाऱ्याच्या कमरेनं. हवा बरोबर निघाली. मग उरली स्प्रिंग.

आणि स्प्रिंगचं मी काय केलं? दर वर्षी एक पायरी चढवली. स्प्रिंगच्या बुडाशी पायऱ्या कापलेलं एक कडं असतं. आकडी पाना लावून ते फिरवलं की खट्‌ करून पुढच्या पायरीवर बसतं आणि स्प्रिंग तेवढी आणखी दाबून धरली जाते. एकूण पाच पायऱ्या. मी पाचवीपर्यंत पोचले होते आणि प्रत्येक वेळी घरात ऐटीत सांगितलं होतं की सस्पेन्शन एक घर कडक केलं. कडक काहीच होत नव्हतं. त्या कड्यानं गाडी उचलली जाते, पण पुढच्या प्रत्येक मिलिमीटरला लागणारा जोर पूर्वीइतकाच राहतो. हे मला कळलं ते जुनी स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी उभी केल्यावर.

नव्या स्प्रिंग मूळच्याच मापाच्या मागवल्या होत्या. पुढच्या जुन्या सहा-सात मिलिमीटरनं आखूड निघाल्या, मागची उजवी आठनं, आणि डावी, जिच्यावरून हे सगळं रामायण झालं ती, तब्बल ११ मिलिमीटरनं. अकरा म्हणजे काही फार नाही असं वाटतं. पण शॉकअप ए-आर्मवर, म्हणजे चाक गाडीला जोडणाऱ्या हातावर, मधेच कुठेतरी टेकलेला असतो, चाक त्याहून लांब असतं. आमच्या गाडीत शॉकअप सहा मिलिमीटर दबतो तेव्हा चाक दहा वर जातं. म्हणजे चाकापाशी तेच ११ जवळजवळ दोन सेंटीमीटर होतात, आणि पत्रा आणि दगड यांच्यात तेवढाच तर फरक होता. डावीच का जास्त दबली, यावर भावाचं म्हणणं की मी कायम डावीकडून चढते. मला ते पटलं नाही. वजनाचा विषय निघाला की मला सहसा काहीच पटत नाही.

जुनी स्प्रिंग मऊ झाली असणार, अशी माझी पक्की समजूत होती. भाऊ म्हणाला, बघू या. एक लोखंडी पाईप उभा केला, त्यावर स्प्रिंग ओवली म्हणजे ती कलंडणार नाही, वरून मधोमध भोक पाडलेली फळी. आधी नुसत्या फळीची उंची टेपनं मोजली. मग दोन्ही बाजूंना वीस-वीस लिटरचे पाण्याचे कॅन ठेवले. ४० किलो. फळी दोन सेंटीमीटर खाली गेली. ती उतरवून नवी स्प्रिंग ओवली, तेच कॅन, तीच फळी. पुन्हा दोन सेंटीमीटर. मिलिमीटरभर इकडेतिकडे असेल, तो आमच्या टेपचा दोष. जुन्या स्प्रिंगचा जोर तसूभर कमी झाला नव्हता, कमी झाली होती ती फक्त तिची उंची. मी तो प्रयोग तीनदा करायला लावला. तिसऱ्यांदा कॅन उचलताना भाऊ पाठ धरून म्हणाला, “ताई, तुला हवं ते उत्तर येईपर्यंत करायचं का?”

रॉबर्ट हूकनं हा नियम १६७६ मध्ये छापला तो लॅटिन अक्षरांची उलथापालथ करून, कोड्याच्या रूपात, आणि उत्तर दिलं दोन वर्षांनी, १६७८ मध्ये: ‘उत तेन्सिओ, सिक विस’. जसा ताण, तसा जोर. शोध आपला ठरावा पण तो दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये, म्हणून ही लपवाछपवी. मला तो माणूस यामुळे जवळचा वाटतो. जे सांगायचं ते अक्षरं विस्कटून सांगणारी माणसं आमच्या घरातही आहेत.

आणखी एक गोष्ट मला या निमित्तानं उमगली आणि ती फार आवडली. स्प्रिंग दबते असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात तिची तार दबत नाही, नीटशी वाकतही नाही. तार पिळली जाते. वेटोळ्याचा कुठलाही तुकडा घ्या, वरून भार आला की तो स्वतःभोवती किंचित मुरडतो, ओला कपडा पिळावा तसा, आणि भार गेला की उलटा फिरून पूर्ववत होतो. हजारो वेळा फिरतो आणि परततो. पण कधी एखादा दणका असा बसतो, किंवा कधी भार इतका काळ तसाच राहतो, की परतताना रेसभर पीळ तारेतच राहून जातो. स्प्रिंगचं आखूड होणं म्हणजे हा राहून गेलेला पीळ. पोलाद तेच, ताठपणा तोच, फक्त ती पूर्वी जिथं उभी राहायची तिथवर आता पोचत नाही. मी हे मोठ्या उत्साहानं समजावलं तेव्हा भाऊ जुन्या स्प्रिंगकडे बघत म्हणाला, “म्हणजे सुंभ जळाला तरी...” आणि वाक्य अर्धं सोडून माझ्याकडे बघून हसला. हे सगळं त्या ओरडण्याच्या आधीचं. पुढच्या दोन स्प्रिंग उतरवल्या तेव्हाचं. नंतर तो त्या दिवशी हसला नाही.

पायडल मी फिरवत होते.

तो सहा वर्षांचा, मी अकरा. सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी केलेली, मागचं चाक हवेत गरगरतंय आणि त्यातून येणारा वारा तो गालावर घेतोय. आणखी जोरात, असं तोच म्हणत होता. हे मी नंतर प्रत्येकाला सांगितलं, की तोच म्हणत होता. चेनला तेल दिलेलं, ती चकाकत होती, आणि त्यानं ती चकाकी धरायला बोट पुढे केलं. चेन आणि दातेरी चक्र यांच्यामध्ये बोट गेलं की एक ठिसूळसा आवाज येतो, तो मी पुन्हा कधी ऐकला नाही आणि विसरलेही नाही. पायडल थांबवून ते उलटं फिरवावं लागलं बोट सोडवायला. तेही मीच फिरवलं. उजव्या हाताच्या तर्जनीचं नख गेलं, पुढे पुन्हा आलं, पण सरळ आलं नाही. मधोमध उभी वळी असलेलं, कौलासारखं नख. बत्तीस वर्षं तसंच वाढतंय. तो ते कापताना मी समोर असले तर उठून जाते.

स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये मला चकती दिसली नव्हती, आकडाही धड दिसला नव्हता. ग्रीसनं काळं झालेलं ते कौलासारखं नख दिसलं.

त्याला ते ठाऊक असेल का? मी विचारलं नाही. आमच्यात सायकलचा विषय निघत नाही. निघतो तो इतर हजार विषयांच्या आडून: गाडी हळू चालव, शिडी मी धरते, ते मशीन राहू दे मी बघते. त्याच्या बायकोनं एकदा सहज म्हटलं होतं की तुम्ही फोन ठेवलात की ते पाच मिनिटं गप्प असतात. तेव्हा मला त्यात कौतुक ऐकू आलं होतं.

जाडीवरून आमचं भांडण झालं तेही मला आता वेगळं आठवतं. त्याला जाड तारेच्या स्प्रिंग हव्या होत्या. तार दहाच्या ऐवजी अकरा मिलिमीटरची, बाकी सगळं तेच. एका मिलिमीटरनं काय होतंय असं त्याला वाटत होतं. पण तारेच्या जाडीचा चौथा घात येतो, त्यामुळे तेवढ्या एका मिलिमीटरनं स्प्रिंग ४६ टक्के कडक होते. शॉकअपमधलं तेल मात्र जुन्या स्प्रिंगला आवरण्याच्या हिशेबानं वाट काढत असतं. कडक स्प्रिंग दबते कमी, पण परतते ती उसळून, आणि तिला धरून ठेवायला आतला शॉकअप पुरा पडला नाही की खड्ड्यातून वर येताना गाडी पाठीमागून लाथ मारते. माझं बरोबर होतं, अजूनही मी तेच सांगेन. पण सांगताना मी मॅन्युअल त्याच्यापुढं टाकलं, आणि टाकलं म्हणजे खरोखर टाकलं, टेबलावरचा चहा हिंदकळला. मोजमापाच्या बाबतीत माझं बहुतेकदा बरोबर असतं. हा काही चांगला गुण नव्हे.

तर तिसरी स्प्रिंग मी काढली. आकडे सोडवून पुन्हा बसवले, पायरीचं कडं खालपर्यंत उतरवलं (ते आधीच करायचं असतं, आवळायला सुरुवात करण्यापूर्वी, ते राहिलं होतं, आणि राहिलं होतं माझ्याकडूनच), शॉकअपची दोन्ही टोकं भिंतीकडे वळवली म्हणजे काही सुटलंच तर भिंतीवर जाईल. चकती निघाली. नवी स्प्रिंग चढवायची तर तीही आधी तितकीच आखडावी लागते, कारण शॉकअपवर बसलेली स्प्रिंग कधीच पूर्ण मोकळी नसते. गाडी घोड्यांवर चढवलेली असो, चाकं अधांतरी लोंबकळत असोत, कुणी बसलेलं नसो, तरी वरच्या आणि खालच्या चकतीमध्ये ती थोडी दाबलेलीच असते. तशी नसेल तर चाक खाली गेल्यावर ती जागेवरून हलेल, खडखडेल. रात्री शेडमध्ये गाडी एकटी उभी असते तेव्हाही चारही कोपऱ्यांत हा जोर चालू असतो, याचा मी पूर्वी कधी विचार केला नव्हता.

भाऊ या वेळी चार हात लांब उभा होता. मागेन तो पाना द्यायचा. सतराचा दे म्हटलं की सतराचा. एरवी तो पाना देताना काहीतरी बोलतो, पान्याबद्दल, माझ्याबद्दल, जगाबद्दल. शॉकअप गाडीला लावला, वरचा बोल्ट, खालचा बोल्ट, नट नवे घेतले होते, आतल्या नायलॉनमुळे ते शेवटपर्यंत पान्यानंच फिरवावे लागतात. चौथी स्प्रिंगही झाली. अंधार पडला. त्यानं हात धुतले, दाराशी बूट घालताना “येतो” म्हणाला आणि गेला.

काल तो पुन्हा आला. मी बोलावलं नव्हतं. गाडी चालवून बघितलीस का, असं विचारायला आला आणि मी चालवली नव्हती हे बघून त्याला नवल वाटलं. मी म्हटलं, वेळ झाला नाही. सपाट जमिनीवर गाडी घेतली, दोन्ही बाजूंची उंची मोजली, मग मी बसल्यावर पुन्हा मोजली. डावी-उजवी सारखी. कडं दुसऱ्या पायरीवर होतं, पाचव्या नाही. सुरू करून मी दगडांच्या पट्ट्याकडे नेली. तो कडेला उभा राहून कान देत होता. पत्रा वाजला नाही. गाडी दगडावर चढली, डोललीही नाही फारशी, उतरली. मला हसू येत होतं, हेल्मेटच्या आत. दुसऱ्या फेरीला मागून आवाज आला. टक्‌. बारीक, कोरडा. तिसऱ्या फेरीला पुन्हा. टक्‌.

“डावं मागचं,” तो म्हणाला. मला माहीत होतं.

बोल्ट टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरलेल्या जोरानंच आवळायच्या पान्यानं, आवळून झाला की त्याच्या डोक्यावरून नटापर्यंत आम्ही पांढऱ्या रंगाची एक रेघ मारत होतो. रेघ असली म्हणजे झाला, नसली म्हणजे राहिला. पद्धत माझीच, चारही शॉकअपना लागू, एकूण आठ बोल्ट. मी गाडी घोडीवर घेतली, विजेरी धरली आणि वाकून बघितलं. सात रेघा होत्या. आठव्या बोल्टाचं डोकं काळं कुळकुळीत. मागच्या डाव्याचा खालचा. साध्या पान्यानं लावलेला, हाताला घट्ट लागणारा, पण टॉर्क पाना न पाहिलेला. त्या दिवशी ती रेघ मारायचं काम भावाकडे होतं, आणि तो चार हात लांब उभा होता, कारण मी त्याला तिथं उभं केलं होतं.

मी काही बोलले नाही. तोही नाही. तो फरशीवर उताणा झाला, पाठीवर सरकत चाकाच्या कमानीखाली गेला आणि हाताला लागेल तसं चाचपायला हात वर केला. बोल्ट स्प्रिंगच्या अगदी पायथ्याशी आहे, पाना बसवायचा तर मनगट शेवटच्या वेटोळ्याला घासूनच आत न्यावं लागतं. तिथं सुटण्यासारखं, सरकण्यासारखं काहीच नव्हतं. आकडे नव्हते, कॉम्प्रेसर केव्हाच धुऊनपुसून खोक्यात गेला होता. तरी तो थांबला. हात वेटोळ्यापासून बोटभर अंतरावर, विजेरीच्या उजेडात नखावरची वळी स्पष्ट दिसत होती.

“ताई,” खालून आवाज आला, “हात घालू का?”

मी विजेरी दुसऱ्या हातात घेतली. “घाल,” म्हटलं, आणि टॉर्क पाना त्याच्या तळव्यावर ठेवला.